चार हजार तीनशे वॉनचा आकडा

सन्माननीय अध्यक्षा माएंग ह्ये-वोन बाई, आमच्या अभ्यास केंद्राचे संचालक डॉक्टर नामगुंग साहेब, व्यासपीठावर बसलेले परतडबा समितीचे सर्व मान्यवर, माझ्याबरोबर उन्हातान्हात आणि बर्फात जिने चढलेल्या सर्वेक्षक मैत्रिणी, आणि ज्यांच्या दाराची बेल मी कधी ना कधी वाजवली असेल असे गुनसानकर बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा वाकून नमस्कार.

आत्ता साहेब माझ्याविषयी बोलत होते तेव्हा मी दोनदा मागे वळून पाहिलं, म्हटलं एवढी गुणी बाई माझ्या मागे कोण येऊन बसलीय. सत्तावीस वर्षांत साहेब माझ्याशी एकूण जेवढं बोलले असतील तेवढं त्यांनी आज दहा मिनिटांत बोलून टाकलं. त्यातलं बरंचसं त्यांनी दौऱ्यावर जाताना गाडीत सांगितलं असतं तर प्रवास जरा सुखाचा झाला असता. असो. साहेब हसतायत, म्हणजे रागावलेले नाहीत.

दाराशी फुलांचे तीन उंच मनोरे उभे केलेत, त्यांच्या फितींवर माझं नाव आहे. लग्नात माझ्या वाट्याला एकच मनोरा आला होता, तोही शेजारच्या हॉलमधल्या नवरीचा चुकून आमच्याकडे आलेला. हा निरोपाचा फलकही सुंदर आहे. वर माझं नाव, प्यो इन-सुक, क्षेत्र पर्यवेक्षक. खाली सोनेरी अक्षरांत कोरलंय: 'चार हजार तीनशे वॉनचा आकडा ज्यांच्या कष्टांतून हाती आला.' तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी फलक घेतला, वाकले, आणि टेबलावर पालथा ठेवला. पुढच्या रांगेतल्या काहींनी ते पाहिलं, मला दिसलं. तो पालथा का ठेवला, हे मला आज सांगायचं आहे. आभार मानणारच आहे, त्यासाठीच उभी आहे. पण हे आधी.

बाहेरगावचे पाहुणे आहेत, म्हणून परतडबा योजनेविषयी दोन शब्द. अ‍ॅपवरून जेवण मागवलं की ते प्लॅस्टिकऐवजी स्टीलच्या डब्यात येतं. खाऊन झालं की डबा पिशवीत घालून दाराबाहेर ठेवायचा. माणूस येऊन घेऊन जातो, डबा धुतला जातो, पुन्हा हॉटेलात जातो. याला खर्च येतो. तो खर्च गिऱ्हाईक सोसेल का, आणि सोसला तर किती, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही?

आमची रीत अशी होती. आधी विचारायचं, अशा डब्यासाठी पाचशे वॉन जास्त द्याल का? हो म्हटलं तर हजार. पुन्हा हो म्हटलं तर दीड हजार. जिथे माणूस 'नाही' म्हणेल तिथे थांबायचं, आकडा लिहायचा, आभार मानायचे, भेटवस्तू द्यायची आणि उठायचं. कागदावर अशा सहा पायऱ्या होत्या, शेवटची तीन हजारांची. भेटवस्तू काय होती, हे समितीला माहीत नसावं. फ्रीजमध्ये भाजी ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची गुंडाळी. प्लॅस्टिकने समुद्राचं काय होतं यावर अर्धा तास बोलून निघताना आम्ही माणशी शंभर पिशव्या वाटत होतो. ती खरेदी कोणी केली ते मी सांगणार नाही, साहेब.

तरुण जोडप्यांकडे आमचं काम चार मिनिटांत उरकायचं. पाचशे? बरं. हजार? नाही हो. एक आई होती, कडेवर मूल, दार अर्धंच उघडलेलं. ती म्हणाली, "ताई, हवं तर माझं 'हो' लिहून घ्या. पण मागवताना मी स्वस्तातलंच मागवणार, ते आत्ताच सांगते." सत्तावीस वर्षांत इतकं स्वच्छ उत्तर मला क्वचित मिळालं. तिचं मी 'नाही' लिहिलं.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरं होती एकेचाळीस. ती सगळी मी माझ्याकडे घेतली. मैत्रिणींना म्हटलं, म्हाताऱ्या माणसांशी मोठ्याने बोलावं लागतं, तुमचे घसे बसतील, मी जाते. त्या खूश झाल्या. माझ्या मोठ्या मनाचं त्या वेळी बरंच कौतुक झालं.

त्या एकेचाळीस घरांतलं एक घर जुन्या बाजाराच्या मागे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ओक बोंग-चुन, वय एकोणऐंशी. त्यांची परवानगी घेऊनच त्यांचं नाव इथे घेते आहे. मी त्यांना काका म्हणते. एकतीस वर्षं त्यांनी एका चिनी नूडल्सवाल्याकडे लोखंडी पेटी वाहिली. इथे पन्नाशीच्या पुढच्यांना ती पेटी आठवत असेल. पत्र्याचं सरकतं दार, आत चिनी मातीचे वाडगे, स्कूटरवर एका हाताने तोललेली. लोक खाऊन वाडगा वर्तमानपत्रात गुंडाळून दाराबाहेर ठेवत, आणि काका दुपारी पुन्हा सगळे जिने चढून वाडगे गोळा करत. ते म्हणाले, वाडगा बघून घरातलं कळायचं. कोणाचं जेवण गेलं नाही, कोणाकडे पाहुणे आले, कोणी भांडून अर्ध्यातून उठलं. एक म्हातारी वाडगा धुऊन त्यात उकडलेलं रताळं ठेवायची, त्यांच्यासाठी. एके दिवशी वाडगा आतच राहिला, तेव्हा यांनीच शेजाऱ्यांना गोळा करून दार उघडायला लावलं. तिचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं पहिल्या प्रश्नाच्या आधी झालं. मग मी कागद काढला. पाचशे? हो. हजार? हो. काका दर वेळी थोडा विचार केल्यासारखं करत आणि हो म्हणत. दोन हजार, अडीच हजार, तीन हजार. हो.

कागद संपला. नियमाप्रमाणे मी उठायला हवं होतं. बाहेर चांगलं ऊन होतं, तीनच वाजले होते, त्या दिवसाचं ते माझं शेवटचं घर होतं. काकांनी नाशपाती सोलायला घेतली. मी पेनचं टोपण पुन्हा काढलं, पट्टी नव्हती म्हणून पिशव्यांच्या गुंडाळीची कड धरून समासात सातवी ओळ आखली, आणि विचारलं, साडेतीन हजार द्याल का? देईन की, ते म्हणाले. आठवी ओळ. नववी. नाशपाती संपली, दुसरी सोलली. आम्ही नऊ हजारांपर्यंत गेलो. आठ हजारांच्या नूडल्स आणि त्यांच्या डब्याला नऊ हजार. नऊ हजारांवर काका म्हणाले, "बाई, तुम्हाला उशीर होत असेल." म्हणाले खरे, पण पुढची फोड काट्याला टोचून माझ्यापुढे धरली.

त्यानंतर बाकीच्या घरांतही मी ओळी आखल्या. कुठे दोन, कुठे पाच. सगळे हो म्हणत नव्हते, पण बरेचसे म्हणत होते.

ऑफिसात आमची बिन ना-रे हे कागद संगणकात भरत होती. ती इथे आहे, शेवटच्या रांगेत, आणि तिला आत्ता कळलं असेल मी कुठे येतेय ते. तिने मला विचारलं होतं, "ताई, समासात हाताने ओळी आहेत. या धरायच्या का?" मी म्हटलं, लोक आपणहून वर जात होते गं, धर. ते खोटं होतं. ना-रे, तुझी यात काही चूक नाही, तू बरोबर जागी बोट ठेवलं होतंस.

पुढचं आपल्याला माहीत आहे. एकट्या वृद्धांची सरासरी चार हजार तीनशे निघाली. साहेबांनी अहवालात लिहिलं की पर्यावरणाची खरी जाण आपल्या ज्येष्ठांना आहे. वर्तमानपत्रात आलं. तीन शहरांतून साहेबांना व्याख्यानाची बोलावणी आली. समितीने सद्भावनेने विचार केला की जे चार हजार तीनशे द्यायला तयार आहेत त्यांच्याकडून अडीच हजार घेणं म्हणजे सवलतच झाली, आणि एप्रिलपासून डब्यामागे अडीच हजार लागू झाले. उन्हाळा संपेपर्यंत तरुण घरं एकामागून एक प्लॅस्टिकवर परत गेली. म्हातारी माणसं मात्र टिकून राहिली. आम्ही दुसरा अहवाल लिहिला. त्यात 'निष्ठा' हा शब्द सहा वेळा आहे.

ऑक्टोबरमध्ये मी दुसऱ्या फेरीला काकांकडे गेले. त्यांना आधी फोन केला नव्हता. त्यांनी दार उघडलं, जेवलात का विचारलं, मी जेवले म्हटलं, तरी त्यांनी फ्रीज उघडला. आत ताटली झाकलेला अर्धा वाडगा नूडल्स होता, फुगून एकमेकींना चिकटलेल्या. त्यांच्या बाजूला आणखी एक अर्धा वाडगा, भाताचा. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, आज अर्धं, उद्या अर्धं. पूर्वी आठवड्यात तीनदा मागवायचो, आता दोनदाच परवडतं, मग पुरवून खायचं. नूडल्स दुसऱ्या दिवशी काय लागतात हे एकतीस वर्षं नूडल्स वाहिलेल्या माणसाला मी काय सांगावं?

मला वाटलं होतं, त्यांना डबा न्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघण्यात आनंद असेल. तेही विचारलं. ते म्हणाले, पहिले दोन-तीन दिवस मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. तो मुलगा बेलच वाजवत नाही. पिशवीवरच्या खुणेचा फोनने फोटो घेतो आणि जातो. चपळ आहे, म्हणाले, मीपण चपळ होतो. मग खुर्ची आत घेतली.

"मग काका, अडीच हजार देता कशाला? प्लॅस्टिकमधलं मागवा."

"तुम्हाला तोंडाने सांगितलंय ना, देईन म्हणून. नऊ हजार म्हणालो होतो मी. तुम्ही तर अडीचच घेताय."

"अहो, तो नुसता प्रश्न होता. 'नाही' म्हणायचं होतं. कुठेही म्हणता आलं असतं."

काका कागदाकडे बघत राहिले, मी नवा कागद आणला होता त्याच्याकडे. मग म्हणाले, "नाही म्हटलं की तुम्ही उठता."

मंडळी, मी अकरा हजारांवर घरांत प्रश्न विचारलेत. साबण, विमा, शाळा, पाणी, निवडणुका. लोक खोटं का बोलतात यावर मी नव्या मुलींचे वर्ग घेते. लाजेने बोलतात, मोठेपणासाठी बोलतात, आपल्याला खूश करायला बोलतात, हे सगळं मी फळ्यावर लिहून देते. हे एक कारण माझ्या फळ्यावर कधी आलं नव्हतं. त्या घरात 'हो' म्हणजे आणखी एक प्रश्न, आणि आणखी एक प्रश्न म्हणजे आणखी पाच मिनिटं कोणीतरी समोर बसलेलं. एकेचाळीस घरांतल्या बहुतेकांनी मला हेच सांगितलं, आणि मी ते वॉनमध्ये लिहून आणलं.

इथे मी थांबले असते तर बरं दिसलं असतं. बिचारी एकटी म्हातारी माणसं, आणि समजून न घेणारी प्रश्नावली, असं म्हणून आपण सगळे जेवायला गेलो असतो. पण समासातल्या ओळी त्यांनी आखल्या नव्हत्या. त्या कोणी आखल्या?

आमच्या प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात एक रकाना असतो: कुटुंबातील व्यक्तींची संख्या. मी तिथे हजारो वेळा 'एक' लिहिलंय, इतरांच्या कागदावर. आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्याआधी मिस्टर गेले. माझ्या घरी संध्याकाळी भात शिजल्याची सूचना विजेचा कुकर बोलून देतो, आणि कधीकधी मी त्याला 'बरं' म्हणते. दिवसभर मी लोकांना प्रश्न विचारायचे, आणि मला शेवटचा प्रश्न कोणी कधी विचारला ते मला आठवत नव्हतं. काकांनी विचारलं होतं, नाशपाती गोड आहे का म्हणून. त्या दुपारी मला घरी जायचं नव्हतं. तीन हजारांवर कागद संपला तेव्हा त्यांच्याइतकीच मीही घाबरले होते. मी एकटी आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही आणि आज सगळ्या हॉलला सांगतेय, माझी मलाच गंमत वाटते.

तेव्हा तो चार हजार तीनशेचा आकडा असा आला. त्यात समुद्र नाही, कासवं नाहीत, येणारी पिढी नाही. डबासुद्धा फारसा नाही. दोन माणसांना आणखी थोडा वेळ बसायचं होतं आणि त्यांतल्या एकीच्या हातात पेन होतं.

अध्यक्ष महोदया, येत्या गुरुवारी आपली बैठक आहे. याच आकड्याच्या आधारावर अडीच हजारांचा आकार जानेवारीपासून सगळ्या शहरात कायमचा लागू करायचं ठरतंय. माझी हात जोडून विनंती आहे, हा आकडा वापरू नका. आज सकाळी नऊ वाजता मी साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलंय, सही केलेलं, सोबत ते एकेचाळीस कागद. समासातल्या प्रत्येक ओळीवर लाल खूण केली आहे. साहेब फुलांच्या मनोऱ्यांची जागा ठरवण्यात गुंतले होते, त्यामुळे पत्र अजून उघडलेलं नसावं. साहेब, आता आपण हसत नाही आहात, आणि ते बरोबरच आहे. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, निवृत्त झाले म्हणून सोडू नये. फक्त त्या माणसांच्या ताटातलं अर्धं अन्न उद्यावर ढकललं जातंय, ते आधी थांबवा. परतडबा चांगलाच आहे, मला तो हवा आहे. त्याचा खर्च कोणी उचलायचा ते पुन्हा विचारा. पण विचारायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, आणि तिला सांगा की कागद संपल्यावरही थोडं बसत जा, मात्र पेनचं टोपण लावून.

आता आभार. केंद्राने मला पोटापाण्याला लावलं, शहरातले सगळे जिने दाखवले, त्याबद्दल मी ऋणी आहे. मैत्रिणींनो, तुमचे घसे शाबूत आहेत, ते उत्तम आहे, एकमेकींशी बोलत जा. ना-रे, तुला मी वेगळी भेटेन. हॉलच्या मंडळींनी सूप गरम ठेवलंय आणि माझ्यामुळे ते पुन्हा गरम करावं लागणार, त्यांचेही आभार. फलक मी घेऊन जाऊ शकत नाही. त्याच्या मागची बाजू कोरी आहे, केंद्राला कधीतरी उपयोगी पडेल.

एक राहिलं. गेल्या रविवारी मी ओक काकांकडे आजचं बोलावणं घेऊन गेले होते. वर पोचेपर्यंत धाप लागली होती. म्हटलं, काका, माझा निरोप समारंभ आहे, तुम्ही यायचं, मी टॅक्सी पाठवते. त्यांनी नेहमीसारखा थोडा विचार केला. मग म्हणाले, "नाही."

इतक्या भेटींत माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडून हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं. चार जिने उतरून पुन्हा चढायचे, गुडघे ऐकत नाहीत, तिथं मला कोण ओळखतं, असं काहीबाही पुढे सांगत होते, पण माझं लक्ष नव्हतं. नाही म्हणून झाल्यावर त्यांनी माझ्या पर्सकडे पाहिलं, मग दाराकडे. मी पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली. कोट काढला. मग काका उठले आणि बसायची दुसरी उशी माझ्यासाठी घेऊन आले. माझ्याकडे कागद नव्हता, विचारायला काही नव्हतं, आणि काकांनी नाशपाती सोलायला घेतली.

बोलताना कोणाला लागलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर आपलं माणूस म्हणून सांभाळून घ्या. भाषण लांबलं, त्याचीही क्षमा करा. मला उठायला वेळ लागतो, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. धन्यवाद.